औषधदान आणि अभयदान : रुग्णालयातील आधारकेंद्रांचा इतिहास

जैन परंपरेने दानाचे चार प्रकार सांगितले आहेत : आहारदान, औषधदान, ज्ञानदान आणि अभयदान. यांपैकी पहिल्या तीन दानांच्या खुणा महाराष्ट्रातील लहानमोठ्या गावांतून ठिकठिकाणी दिसतात. भोजनशाळा, धर्मार्थ दवाखाने आणि पाठशाळा ही त्यांची मूर्त रूपे होत. चौथ्या अभयदानास आचार्यांनी सर्व दानांत श्रेष्ठ मानले. परंतु अभयदान म्हटले की समाजाच्या मनात प्रामुख्याने जीवदया आणि पांजरपोळ यांचेच चित्र उभे राहते. भयाने ग्रासलेल्या मनुष्यास, आणि त्यातही स्वतःच्याच घरात भयभीत झालेल्या स्त्रीस अभय कोणी द्यावे, कोठे द्यावे व कसे द्यावे, हा प्रश्न बराच काळ दुर्लक्षित राहिला. गेल्या पाव शतकात महाराष्ट्रातील काही रुग्णालयांनी या प्रश्नाचे उत्तर शोधले. जेथे औषधदान होते तेथेच अभयदानाची एक खोली उघडावी, हे ते उत्तर. त्या खोलीचा इतिहास सर्व समाजाने जाणून घ्यावा असा आहे.

चंदनबालेच्या कथेतील वृद्ध दासी

या विषयाचे मूळ शोधू गेल्यास ते जैन कथापरंपरेतच सापडते. चंपानगरीची राजकन्या वसुमती युद्धात अनाथ झाली, कौशांबीच्या बाजारात विकली गेली आणि धनावह श्रेष्ठीच्या घरी आली. तेथे तिला चंदना हे नाव मिळाले. श्रेष्ठीची पत्नी मूला हिच्या मनात संशय शिरला. पती बाहेर गेल्याचे पाहून तिने चंदनेचे मुंडन करविले, पायांत बेड्या घातल्या आणि तिला कोठडीत कोंडले. पुढे भगवान महावीरांचा पाच महिने पंचवीस दिवसांचा अभिग्रह याच चंदनेच्या हातच्या उडदांनी पूर्ण झाला आणि कालांतराने ती छत्तीस हजार साध्वींची प्रमुख झाली, हा भाग सर्वांच्या परिचयाचा आहे. दिगंबर व श्वेतांबर परंपरांत तपशिलांचा व नावांचा फरक असला, तरी कथेचा गाभा एकच आहे.

या कथेतील एका पात्राकडे सहसा लक्ष जात नाही. श्वेतांबर परंपरेतील प्रसिद्ध कथारूपात, चंदना कोठे आहे हे घरातील नोकरचाकरांना ठाऊक असूनही मालकिणीच्या धाकाने कोणी तोंड उघडत नाही. अखेरीस एक वृद्ध दासी धीर करून श्रेष्ठीला खरे काय ते सांगते. कोठडीचे दार उघडते ते तिच्या त्या एका वाक्यामुळे. येथे दोन गोष्टी ध्यानात घेण्याजोग्या आहेत. हा छळ रानावनात झालेला नाही, एका प्रतिष्ठित व्यापाऱ्याच्या घरात झालेला आहे. आणि छळ थांबला तो ज्याला माहीत होते त्याने मौन सोडल्यामुळे. आधुनिक काळात ही वृद्ध दासीची भूमिका रुग्णालयातील परिचारिकेकडे आली आहे.

आश्रम आले, रुग्णालय दूर राहिले

पीडित स्त्रियांना आसरा देण्याची महाराष्ट्राची परंपरा जुनी आहे. महात्मा जोतीराव फुले व सावित्रीबाई फुले यांनी १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले. पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये शारदासदन स्थापन केले, तर १८९६ मध्ये महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी अनाथ बालिकाश्रमाचा पाया घातला. जैन समाजही या कार्यात मागे नव्हता. दानवीर शेठ माणिकचंद यांच्या कन्या मगनबाई यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईत श्राविकाश्रम चालविला, आणि सोलापुरात पद्मश्री पंडिता सुमतीबाई शहा यांनी श्राविका संस्थेच्या रूपाने विधवा व निराधार भगिनींना शिक्षणाचे व स्वावलंबनाचे दालन खुले केले.

या सर्व संस्था वंदनीय होत. तथापि तेथे पोहोचण्यासाठी स्त्रीला आधी घराचा उंबरठा ओलांडावा लागे. जिला तो ओलांडता येत नव्हता, तिच्यासाठी बाहेर जाण्याचे एकच मान्य कारण शिल्लक राही, ते म्हणजे आजारपण. घरातील माणसे सुनेला पोलिसांकडे वा वकिलाकडे जाऊ देणार नाहीत, कदाचित माहेरीही पाठविणार नाहीत. परंतु हात मोडला, भाजले किंवा बाळंतपणाची वेळ आली की दवाखान्यात नेतातच.

डॉक्टरांच्या नोंदीचे सामर्थ्य या देशाने फार पूर्वी पाहिले होते. बालविवाहितांच्या संमतिवयाचा वाद पेटला असता, १८९० मध्ये भारतात काम करणाऱ्या पन्नासहून अधिक महिला डॉक्टरांनी सरकारकडे निवेदन धाडले. त्यात त्यांनी स्वतः उपचार केलेल्या अल्पवयीन पत्नींच्या जखमांची माहिती दिली होती. पुढच्याच वर्षी, १८९१ मध्ये, संमतिवय दहावरून बारा वर्षे करणारा कायदा झाला. त्यानंतर मात्र रुग्णालयाची ही साक्षीदाराची भूमिका हळूहळू मंदावली. जखम शिवणे हे डॉक्टरांचे काम आणि जखम कशी झाली हे विचारणे पोलिसांचे, अशी वाटणी रूढ झाली.

विदर्भातील एक प्रकरण

या वाटणीची किंमत किती मोठी असते, हे विदर्भाने १९७२ मध्ये अनुभवले. तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंज येथील पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. सत्र न्यायालयाने आरोपी पोलिसांना सोडले, मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्यांना शिक्षा दिली, परंतु सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. मुलीच्या अंगावर जखमांच्या खुणा आढळल्या नाहीत, म्हणून तिचा प्रतिकार व पर्यायाने तिची असंमती सिद्ध होत नाही, असा त्या निकालाचा आशय होता. १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, रघुनाथ केळकर, लतिका सरकार आणि वसुधा धागमवार या चार कायदेपंडितांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले, देशभर आंदोलन झाले आणि १९८३ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली. विवाहितेच्या छळाविरुद्धचे ४९८ अ हे कलमही त्याच वर्षी आले.

कायदा सुधारला, परंतु तपासणीची खोली तशीच राहिली. भीतीने गोठलेल्या स्त्रीच्या अंगावर जखमा नसू शकतात, ही साधी बाब वैद्यकीय अहवालाच्या छापील नमुन्यात मावत नव्हती. पीडितेला एका खिडकीवरून दुसऱ्या खिडकीवर फिरावे लागे, तीच कहाणी पाच जणांना सांगावी लागे, आणि अखेरीस हाती येई तो मलमपट्टीचा केसपेपर. पुढे काय करायचे, आज रात्री कोठे राहायचे, हे सांगणारे तेथे कोणी नसे.

वांद्र्याचे ‘दिलासा’

विसाव्या शतकाच्या अखेरीस जगभरात या प्रश्नाकडे आरोग्याच्या दृष्टीने पाहण्यास प्रारंभ झाला. मलेशियात क्वालालंपूरच्या सरकारी रुग्णालयात १९९४ मध्ये उपचार, समुपदेशन व पोलीस साहाय्य एकाच छताखाली देणारे केंद्र सुरू झाले. १९९६ मध्ये जागतिक आरोग्य परिषदेने हिंसाचार ही सार्वजनिक आरोग्याची प्रमुख समस्या असल्याचा ठराव संमत केला.

भारतात या विचाराचा पहिला दिवा महाराष्ट्रात लागला. आरोग्यविषयक संशोधन करणारी ‘सेहत’ ही संस्था आणि बृहन्मुंबई महानगरपालिका यांनी २००० साली वांद्रे येथील महापालिकेच्या के. बी. भाभा रुग्णालयात ‘दिलासा’ हा उपक्रम हाती घेतला. सार्वजनिक रुग्णालयाच्या अंगभूत विभागाच्या रूपाने कौटुंबिक हिंसाचारग्रस्त स्त्रियांसाठी उभे राहिलेले हे देशातील पहिले केंद्र होय. महापालिकेच्या वैद्यकीय अधिकारी डॉ. सीमा मलिक यांचा त्यात पुढाकार होता. पुढे कुर्ल्याच्या भाभा रुग्णालयात दुसरे केंद्र निघाले, आणि कालांतराने राष्ट्रीय शहरी आरोग्य अभियानाच्या साहाय्याने मुंबईतील महापालिकेच्या आणखी रुग्णालयांत ही केंद्रे उघडली गेली. केरळमध्ये ‘भूमिका’ व हरियाणात ‘सुकून’ या नावांनी रुग्णालयांतील केंद्रे उभी राहिली.

या केंद्राचा खर्च व मांडणी पाहिल्यास आश्चर्य वाटते. त्यासाठी मोठी इमारत अथवा महागडे यंत्र लागत नाही. बाह्यरुग्ण विभागाजवळ एक शांत खोली, आतून लावता येणारे दार, दोन-तीन खुर्च्या, कागदपत्रांसाठी कुलपाचे कपाट आणि प्रशिक्षित समुपदेशिका एवढे पुरते. खरे भांडवल आहे ते माणसांच्या प्रशिक्षणाचे. ‘दिलासा’ने रुग्णालयातील डॉक्टर व सिस्टर यांनाच प्रशिक्षित केले, आणि त्यांनी आपल्या सहकाऱ्यांना शिकविले. त्यामुळे हे काम बाहेरच्या संस्थेचे न राहता रुग्णालयाचे झाले.

कार्यपद्धती अशी. एखादी स्त्री ‘पाय घसरून पडले’ असे सांगते. पण मार पाठीवर आणि दंडावर असतो. ‘स्टोव्हचा भडका उडाला’, ‘चुकून औषध पोटात गेले’ ही कारणेही नेहमीची. जखम आणि कारण यांचा मेळ बसत नाही, हे अनुभवी सिस्टरच्या ध्यानात येते. ती सोबतच्या नातेवाइकांना औषध आणण्याच्या निमित्ताने बाजूला करते आणि एकांतात हळुवारपणे विचारते, “बाई, घरी कोणी मारतं का?” कित्येक स्त्रियांना आयुष्यात प्रथमच कोणी हे विचारलेले असते. होकार आल्यास तिला त्या खोलीत नेले जाते. तेथे तिला सांगितले जाते की, मार खाणे हा तिचा दोष नाही. तिच्या सांगण्यानुसार जखमांची नोंद होते. घरी परतणे धोक्याचे असेल, तर निरीक्षणाखाली ठेवण्याच्या निमित्ताने तिला वॉर्डात दाखल करून घेतले जाते, म्हणजे ती रात्र तरी सुरक्षित जाते. परतायचेच असेल, तर सुरक्षिततेची योजना आखली जाते : महत्त्वाची कागदपत्रे कोठे ठेवावी, शेजारी कोणाला सांगून ठेवावे, मुलांना काय शिकवावे, वेळ आल्यास कोठे फोन करावा. तक्रार करायची की नाही, घर सोडायचे की नाही, याचा निर्णय तिचाच असतो. केंद्र तिच्यावर ना तक्रार लादते, ना तडजोड.

व्यापारी समाजास नोंदीचे महत्त्व वेगळे सांगणे न लगे. ज्या व्यवहाराची वहीत नोंद नाही, तो पुढे सिद्ध करता येत नाही. केसपेपरवर ‘पडल्यामुळे जखम’ असे लिहिले गेले, तर पाच वर्षांनी न्यायालयात उभ्या राहिलेल्या स्त्रीच्या हाती काहीच उरत नाही. ‘पतीने काठीने मारल्याचे रुग्ण सांगते’ एवढी एक ओळ लिहिली गेली, तर तीच ओळ तिची साक्षीदार ठरते.

सेवाग्रामचा आवाज

मुंबईचे हे उदाहरण दूरचे वाटत असल्यास यवतमाळच्या शेजारी वर्धा जिल्ह्याकडे पाहावे. डॉ. सुशीला नायर यांच्या कष्टातून उभ्या राहिलेल्या सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयाशी यवतमाळ जिल्ह्यातील असंख्य कुटुंबांचे नाते आहे. १९६९ मध्ये तेथे महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था सुरू झाली. या संस्थेतील न्यायवैद्यकशास्त्राचे अध्यापक डॉ. इंद्रजित खांडेकर यांनी २०१० मध्ये एक अभ्यास अहवाल प्रसिद्ध केला. लैंगिक अत्याचारपीडितांची वैद्यकीय तपासणी किती निष्काळजीपणे होते, नमुन्यांत किती त्रुटी राहतात, आणि त्यामुळे न्याय कसा हुकतो, हे त्यात निर्भीडपणे मांडले होते. हा विषय जनहित याचिकेच्या रूपाने मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे गेला, आणि तपासणीची पद्धत सुधारण्याच्या प्रक्रियेस त्यातून गती मिळाली. अपमानास्पद व अशास्त्रीय ‘दोन बोटांच्या चाचणी’वर या अहवालाने व तत्सम प्रयत्नांनी बोट ठेवले. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही चाचणी स्त्रीच्या प्रतिष्ठेचा व खासगीपणाचा भंग करणारी ठरविली आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये ती करणारी व्यक्ती गैरवर्तनास पात्र ठरेल, असे पुन्हा बजावले. विदर्भातील एका प्रकरणाने १९७० च्या दशकात देश हलविला आणि विदर्भातीलच एका ग्रामीण रुग्णालयाने चार दशकांनी त्याच्या उपायाला हात घातला, ही बाब या भागातील प्रत्येकाने अभिमानाने व गांभीर्याने ध्यानात ठेवावी.

दयेकडून कर्तव्याकडे

यानंतर कायद्याने झपाट्याने पावले टाकली. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम २००५ मध्ये संमत झाला व २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झाला. पीडित स्त्रीने वा तिच्या वतीने संरक्षण अधिकाऱ्याने विनंती केल्यास वैद्यकीय मदत देणे त्याने रुग्णालयांवर बंधनकारक केले. बालकांच्या लैंगिक शोषणाविरुद्धचा ‘पोक्सो’ कायदा १४ नोव्हेंबर २०१२ पासून अमलात आला. त्याच वर्षी डिसेंबरात दिल्लीत घडलेल्या अमानुष घटनेनंतर न्यायमूर्ती जे. एस. वर्मा समितीने महिनाभरात अहवाल दिला आणि २०१३ मध्ये फौजदारी कायद्यात मोठी दुरुस्ती झाली. बलात्कार अथवा आम्लहल्ल्यातील पीडितेस प्रथमोपचार व उपचार विनामूल्य देणे सरकारीच नव्हे, तर खासगी रुग्णालयांवरही सक्तीचे झाले. नकार देणाऱ्यास एक वर्षापर्यंतच्या कारावासाची तरतूद झाली. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या ३९७ व्या आणि भारतीय न्याय संहितेच्या २०० व्या कलमात ही तरतूद कायम आहे. धर्मार्थ रुग्णालय चालविणाऱ्या विश्वस्तांनी ही दोन कलमे माहीत करून घेणे अगत्याचे आहे.

मार्च २०१४ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने सविस्तर मार्गदर्शक सूचना काढल्या. पीडितेची माहितीपूर्ण संमती घेणे, एकांत देणे, मानसिक आधार देणे व पुढील तपासण्यांची व्यवस्था करणे हे उपचाराचेच भाग ठरले. या सूचनांतील वेळेची गणिते सर्वसामान्यांनीही जाणावीत अशी आहेत. शरीरावरील नमुने साधारणतः ९६ तासांपर्यंत घेता येतात आणि एचआयव्ही प्रतिबंधक औषध ७२ तासांच्या आत सुरू व्हावे लागते. म्हणजे ‘आधी घरच्यांशी बोलू, मग बघू’ म्हणत घालविलेला प्रत्येक दिवस पीडितेचे आरोग्य आणि पुरावा दोन्ही हिरावून घेतो.

महाराष्ट्र शासनाने २०१३ मध्ये बलात्कार, बालकांवरील लैंगिक अत्याचार व आम्लहल्ला यांतील पीडितांसाठी ‘मनोधैर्य’ योजना सुरू केली. केंद्र शासनाने १ एप्रिल २०१५ पासून ‘सखी’ वन स्टॉप सेंटरची योजना आणली. वैद्यकीय साहाय्य, पोलीस मदत, कायदेशीर सल्ला, समुपदेशन आणि तात्पुरता निवारा या पाच गोष्टी एकत्र देणारे हे केंद्र रुग्णालयाच्या आवारात किंवा त्यापासून दोन किलोमीटरच्या आत असावे, असा या योजनेचा संकेत आहे. ज्या विचाराने वांद्र्यात एका खोलीचे रूप घेतले होते, तोच अशा रीतीने जिल्ह्याजिल्ह्यांत पोहोचला.

यवतमाळ जिल्ह्यापुढील प्रश्न

यवतमाळ जिल्ह्यात सोळा तालुके आहेत. उमरखेडहून जिल्ह्याच्या ठिकाणी यायचे, तर शंभर किलोमीटरहून अधिक प्रवास करावा लागतो. श्री वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय हे जिल्ह्यातील गोरगरिबांचे मोठे आधारस्थान आहे. परंतु मारहाण झालेली एखादी स्त्री प्रथम जाते ती गावातील आशाताईकडे, उपकेंद्राच्या परिचारिकेकडे वा ग्रामीण रुग्णालयात. वृद्ध दासीची भूमिका तेथे बजावली गेली नाही, तर यवतमाळच्या केंद्राची पाटी तिच्या दृष्टीस कधीच पडणार नाही.

या जिल्ह्याचे दुःख काहीसे वेगळेही आहे. कापसाच्या शेतीतील कर्जबाजारीपण व शेतकऱ्यांच्या आत्महत्या यांमुळे जिल्ह्याचे नाव देशभर झाले. कर्जाच्या ताणाची व व्यसनाची झळ घरातील स्त्रीला सोसावी लागते, याची चर्चा मात्र क्वचितच होते. घरोघरी फवारणीचे औषध असते, आणि ते प्राशन करून रुग्णालयात आलेल्या स्त्रीच्या केसपेपरवर ‘चुकून’ हा एक शब्द लिहिला की विषय संपतो. आत्महत्येच्या प्रयत्नाबद्दल गुन्हा दाखल होईल, या भीतीने खरे कारण लपविले जाई. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने अशी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असे मानून तिला शिक्षेपासून संरक्षण दिले आहे. तेव्हा खरे सांगण्यात आता भय नाही, हे घराघरांत पोहोचले पाहिजे. झरी जामणी तालुक्यातील कोलाम समाजाच्या कुमारी मातांचा प्रश्नही सर्वश्रुत आहे. फसविल्या गेलेल्या अशा मुलीची शासनयंत्रणेशी पहिली भेट बहुधा प्रसूतीच्या खोलीत होते. त्या क्षणी तिला बोल लावणारे भेटतात की आधार देणारे, यावर तिचे पुढील आयुष्य अवलंबून राहते.

हा प्रश्न केवळ गरिबांचा वा एखाद्या जमातीचा आहे, असे मानणे ही आत्मवंचना ठरेल. २०१९-२१ च्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातील १८ ते ४९ वयोगटातील विवाहित स्त्रियांपैकी २९.३ टक्के स्त्रियांनी पतीकडून हिंसा अनुभवलेली आहे. हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी केवळ सुमारे १४ टक्के स्त्रियांनी कोणाकडे मदत मागितली. सुखवस्तू घरांत मौनाची भिंत अधिकच जाड असते. तेथे आवाज बाहेर जाऊ नये म्हणून खिडक्या लावल्या जातात आणि उपचारासाठी ओळखीच्या डॉक्टरांना घरी बोलावले जाते. ‘घरातली गोष्ट घरातच राहावी’ हे वाक्य संस्कार म्हणून उच्चारले जाते. धनावह श्रेष्ठीच्या घरातील नोकरचाकरही नेमके तेच मानत होते.

समाजाने काय करावे

सुवर्णमहोत्सवी वर्षात प्रत्येक विश्वस्त संस्था आपल्या कार्याचा ताळेबंद मांडते. आरोग्य शिबिरे, रक्तदान, नेत्रतपासणी, औषधवाटप यांची जमेची बाजू समाधानकारक असते. याच कार्यात अल्प खर्चाने मोठी भर घालता येईल. धर्मार्थ दवाखान्यांतील डॉक्टर व परिचारिकांना या विषयाचे प्रशिक्षण मिळावे. प्रत्येक दवाखान्यात, विशेषतः स्त्रियांच्या प्रसाधनगृहात, १८१ ही महिला हेल्पलाइन आणि १०९८ ही बालकांची हेल्पलाइन ठळक अक्षरांत लावावी, कारण ती पाटी एकांतात वाचता येते. कोणत्याही स्त्रीस, तिचे उत्पन्न कितीही असो, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून विनामूल्य वकील मिळू शकतो, ही माहिती महिला मंडळांच्या सभांतून दिली जावी.

आणखी एक लहानशी गोष्ट आहे, आणि समाजातील कापड व्यवसायातील बंधूंना ती सहज करता येण्याजोगी आहे. अत्याचारपीडितेची तपासणी होताना तिच्या अंगावरचे कपडे पुराव्यासाठी काढून घ्यावे लागतात. ते वाळवून कागदी पाकिटात सीलबंद केले जातात. तिने घरी जायचे कोणत्या वस्त्रात, हा प्रश्न उरतो. मार्गदर्शक सूचनांनुसार रुग्णालयाने तिला दुसरे कपडे द्यावयाचे असतात. जिल्ह्यातील प्रत्येक रुग्णालयाच्या कपाटात निरनिराळ्या मापांचे सलवार-कुर्ते, साड्या, परकर, लहान मुलींचे फ्रॉक आणि अंतर्वस्त्रे यांचे नवे, स्वच्छ संच समाजातर्फे कायम भरलेले राहिले, तर अपमानाच्या त्या घटकेस एका मुलीला कोऱ्या, नीट घडी घातलेल्या कापडाचा स्पर्श होईल. त्यावर दात्याचे नाव छापण्याची गरज नाही. ज्याच्यावर नाव नसते असे दान गुप्तदान, आणि गुप्तदानाची थोरवी समाजास ठाऊक आहे.

अहिंसेचा उपदेश कीटक व पशुपक्ष्यांपर्यंत नेणारी ही परंपरा आहे. तिचा आरंभ स्वतःच्या घराच्या उंबरठ्याच्या आत व्हावयास हवा. चंदनबालेने भगवंतांना भिक्षा दिली तेव्हा तिचा एक पाय उंबरठ्याच्या आत आणि एक बाहेर होता, असे वर्णन आहे. आजही अनेक भगिनी तशाच उभ्या आहेत : आत राहवत नाही आणि बाहेर पडवत नाही. रुग्णालयातील ती छोटी खोली त्यांच्यासाठी उंबरठ्यापलीकडची पहिली पायरी आहे. तेथवर त्यांना पोहोचविण्यासाठी त्या वृद्ध दासीसारखा खरे बोलणारा एक शेजारी, एक नणंद, एक जाऊ किंवा एक सिस्टर पुरेशी असते. औषधदानाची परंपरा समाजाने पिढ्यान्‌पिढ्या जपली. तिला अभयदानाची जोड मिळो, हीच या सुवर्णमहोत्सवी वर्षी जिनेश्वरचरणी प्रार्थना.

जय जिनेंद्र!